मॉनिटर वॉरंटी संपल्यावरच का बिघडतो?

वाचकांचे प्रश्न

संगणकाच्या मॉनिटरविषयी सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि रायगड या तिन्ही जिल्ह्यांतून आलेली काही पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत. पहिल्या पत्रातील प्रश्न सर्वांत व्यापक असल्यामुळे त्याचे उत्तर विस्ताराने दिले आहे. पुढील उत्तरे त्याला जोडून वाचावीत.

प्रश्न : स. न. वि. वि. आमचा देवगडला आंब्याचा व्यवसाय आहे. पेट्यांची बिले, गाड्यांच्या नोंदी आणि वाशीच्या दलालांचे हिशेब ठेवण्यासाठी कार्यालयात एकाच कंपनीचे, एकाच दिवशी घेतलेले चार मॉनिटर आहेत. त्यांची तीन वर्षांची वॉरंटी गेल्या दिवाळीत संपली. त्यानंतर ऐन हंगामात, एप्रिल महिन्यात, एक मॉनिटर बंद पडला आणि पावसाळ्यात दुसरा गेला. दोघांचे लक्षण एकच. बटण दाबले की दिवा लुकलुकतो, आतून टिकटिक असा बारीक आवाज येतो, चित्र क्षणभर दिसते आणि जाते. पाच-दहा मिनिटे असे चालल्यावर मॉनिटर सुरू होई आणि मग संध्याकाळपर्यंत काही त्रास देत नसे. पुढे ती दहा मिनिटे अर्ध्या तासावर गेली आणि शेवटी तो लागेनासाच झाला. पहिला मॉनिटर खरे तर गणपतीपासूनच सकाळी उशिरा लागत होता, पण लागत होता म्हणून आम्ही लक्ष दिले नाही. येथील दुरुस्ती करणाऱ्याने ‘खाऱ्या हवेने पॅनेल गेले, आता नवीनच घ्या’ असे सांगितले. समुद्राच्या हवेने असे होते का? आणि वॉरंटी संपताच एकामागून एक मॉनिटर जातात, ही कंपनीची योजनाच असते का?
— एक आंबा व्यावसायिक, देवगड

उत्तर : आपण लिहिलेली लक्षणे पाहता पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा पडदा, गेले असण्याची शक्यता फार कमी आहे. पॅनेल बिघडले तर पडद्यावर उभ्या-आडव्या रेषा उमटतात, एखादा पट्टा काळा पडतो किंवा रंग भलतेच दिसू लागतात, आणि हे दोष मॉनिटर तापल्यावर सहसा नाहीसे होत नाहीत. जो मॉनिटर सकाळी अडतो आणि एकदा तापला की दिवसभर निमूटपणे चालतो, त्याचा दोष बहुतेक वेळा पॉवर सप्लायच्या बोर्डात असतो, आणि त्या बोर्डातही इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमध्ये, म्हणजे आपल्याकडचे कारागीर ज्याला कंडेन्सर म्हणतात त्या करंगळीच्या पेराएवढ्या नळकांड्यांत असतो.

या नळकांड्यात अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये द्रवाने भिजवलेला कागद यांची घट्ट गुंडाळी असते आणि खाली रबराचे बूच असते. घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून मॉनिटरला लागणारे थोडे व्होल्ट तयार करताना सप्लाय वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यातून येणारे हेलकावे सपाट करण्याचे काम या कपॅसिटरकडे असते. हे काम करताना तो स्वतः तापतो, शेजारच्या भागांची उष्णताही त्याला लागते, आणि वर्षानुवर्षे त्यातील द्रव रबराच्या कडेने कणाकणाने उडून जातो. द्रव कमी झाला की कपॅसिटरचा अंतर्गत विरोध वाढतो. टाकी भरलेली असावी पण तिच्या नळाच्या तोंडाशी गाळ बसलेला असावा, अशी त्याची अवस्था होते. साठा असतो, पण हवा त्या क्षणी तो मिळत नाही. व्होल्ट डळमळतात, सप्लायमधील नियंत्रक चिप ते पाहून सप्लाय बंद करते आणि लगेच पुन्हा प्रयत्न करते. आपण ऐकलेली टिकटिक ही बहुधा त्या प्रयत्नांची असते. प्रत्येक प्रयत्नात थोडी उष्णता निर्माण होते, उष्ण झालेल्या द्रवातून वीज अधिक सहज वाहते, आणि काही मिनिटांनी कपॅसिटर कसाबसा कामाला येतो. कोकणात सकाळ काही गारठ्याची नसते, परंतु रात्रभर बंद असलेला मॉनिटर आणि तासभर चाललेला मॉनिटर यांच्या आतील तापमानातला फरकही थकलेल्या कपॅसिटरला पुरतो.

आता वॉरंटीच्या प्रश्नाकडे वळू. कपॅसिटरच्या माहितीपत्रकात त्याचे आयुष्य एका ठरावीक तापमानाला किती तास, या भाषेत सांगितलेले असते. सर्वसाधारण प्रतीचा माल १०५ अंश सेल्सिअसला २,००० तास या मापाचा असतो. तापमान १० अंशांनी उतरले की आयुष्य साधारण दुप्पट होते, हा या क्षेत्रातील रूढ ठोकताळा आहे. त्या हिशेबाने हाच कपॅसिटर ६५ अंशांवर ठेवला तर सुमारे ३२,००० तास चालेल, परंतु तापणाऱ्या भागाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या अॅल्युमिनियमच्या हीटसिंकला टेकवून ८५ अंशांवर ठेवला तर ८,००० तासांतच थकेल. कार्यालयातील मॉनिटर दिवसाला नऊ तास आणि वर्षातले तीनशे दिवस चालतो असे धरले तर वर्षाचे २,७०० तास होतात. ८,००० तास म्हणजे जेमतेम तीन वर्षे आणि ३२,००० तास म्हणजे जवळजवळ बारा वर्षे. भाग तोच आणि किंमतही तीच, पण बोर्डावर बोटभर अंतर राखण्याने किंवा न राखण्याने एवढा फरक पडतो. आपले चारही मॉनिटर एकाच दिवशी घेतलेले आणि सारखेच तास वापरलेले असल्यामुळे त्यांनी पाठोपाठ मान टाकावी यातही नवल नाही.

यात योजना आहे का? असे कट इतिहासात झालेले आहेत. १९२४ मध्ये जिनिव्हात एकत्र आलेल्या विजेच्या दिव्यांच्या कारखानदारांनी दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर बांधून टाकले होते. मॉनिटरच्या बाबतीत मात्र मला कटापेक्षा काटकसर अधिक दिसते. चांगल्या प्रतीचा कपॅसिटर आणि साधा कपॅसिटर यांच्या किमतीत काही रुपयांचाच फरक असतो, पण लाखो मॉनिटर काढणाऱ्या कारखान्यात ते काही रुपयेही मोजले जातात. बहुसंख्य मॉनिटर वॉरंटीची मुदत निभावतील एवढे पाहिले की हिशेब पुरा होतो. त्यापुढचे सहा महिने कोणाच्याच खात्यावर पडत नाहीत. ग्राहकाच्या दृष्टीने परिणाम सारखाच असतो, हेही मान्य केले पाहिजे.

हा दोष जगभर गाजलेला आहे. साधारण १९९९ ते २००७ या काळात, विशेषतः तैवानमधील काही कारखान्यांतून, असे कपॅसिटर बाहेर पडले की जे दोन-तीन वर्षांतच फुगून फुटू लागले. अंतर्गत विरोध कमी ठेवण्यासाठी त्यांत पाण्याचे प्रमाण अधिक असलेला द्रव वापरला होता. पाणी अॅल्युमिनियमला खाते आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. तो थोपवणारी द्रव्ये त्या मिश्रणात योग्य प्रमाणात नव्हती. एका जपानी कंपनीतून बाहेर पडलेल्या कृतीची अर्धवट नक्कल झाली आणि त्यातून हा घोटाळा झाला, अशी हकिकत त्या वेळी व्यापारी नियतकालिकांत छापून आली होती. ती पुरती सिद्ध मात्र झाली नाही. डेल कंपनीने २००५ मध्ये आपल्या संगणकांच्या दुरुस्तीसाठी ३० कोटी डॉलरची तरतूद केली. त्याच वर्षी अॅपलने आयमॅक जी-५ या संगणकांच्या चित्र आणि वीजपुरवठ्याच्या तक्रारींसाठी वॉरंटीबाहेरही विनामूल्य दुरुस्तीची योजना जाहीर केली. सॅमसंगच्या दूरचित्रवाणी संचांतील कपॅसिटरबद्दल अमेरिकेत झालेला सामूहिक दावा २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. त्या काळातला सदोष माल आता बाजारातून गेलेला आहे. आज जे आढळते ते बहुधा हलकी प्रत आणि उष्ण जागा यांचे फळ असते.

राहिली खारी हवा. ती निर्दोष नाही, पण तिच्या खुणा वेगळ्या असतात. खाऱ्या दमट हवेने स्क्रूंना गंज चढतो, केबलच्या पिनांवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड बसते, बोर्डावरील तांब्याच्या रेषा काळवंडून कुठे कुठे तुटतात. असा मॉनिटर पावसाळ्यात बिघडतो आणि तापल्यावर सुधारेलच असे नसते. तो हलवला, केबल काढून पुन्हा घातली की चालू होतो. कपॅसिटर मात्र बंद डबीत असतो, त्याला समुद्राच्या वाऱ्याचा फारसा उपद्रव नाही. त्याला मारते ती उष्णता. बंद पडलेले यंत्र समुद्राच्या माथी मारणे किनाऱ्यावरील कारागिरांच्या अंगवळणी पडले आहे, कारण त्यामुळे झाकण न उघडताच निदान होते. दोन्ही मॉनिटर सप्लायचा बोर्ड तपासून देणाऱ्या कारागिराकडे न्या आणि झाकण आपल्यासमोर उघडायला सांगा.

तथापि पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वेगळेच आहे. मॉनिटर गणपतीपासूनच सकाळी उशिरा लागत होता आणि वॉरंटी दिवाळीत संपली. म्हणजे तो वॉरंटीनंतर बिघडला नाही. वॉरंटीतच बिघडला होता, फक्त बंद पडला नव्हता. या दोषाचे स्वरूपच असे आहे की तो महिनोन्महिने आधी वर्दी देतो, आणि शेवटी यंत्र चालते म्हणून आपण ती वर्दी मानत नाही. उशिरा लागणारा मॉनिटर हा चालणारा मॉनिटर नव्हे, ती तक्रारच आहे, आणि ती वॉरंटीत असतानाच लेखी नोंदवायला हवी. तंत्रज्ञ दुपारी येतो आणि तापलेला मॉनिटर त्याच्यासमोर शहाण्यासारखा चालतो, म्हणून सकाळी पहिल्यांदा बटण दाबल्यापासून चित्र स्थिर होईपर्यंतचे मोबाइलवर एक सलग चित्रण करून ठेवावे आणि तक्रारीसोबत पाठवावे. कंपनीकडून मिळालेला तक्रार क्रमांक जपून ठेवावा. पुढे मॉनिटर वॉरंटीबाहेर गेल्यावर पूर्ण बंद पडला, तरी दोष मुदतीत सुरू झाला होता हे त्या क्रमांकावरून दाखवता येते. कार्यालयातील अन्य यंत्रे अजून वॉरंटीत असतील, तर मुदत संपण्यापूर्वीच्या दोन-तीन महिन्यांत ती सकाळी कशी लागतात याकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे.

प्रश्न : मी आयटीआय झालो असून गुहागरला टीव्ही आणि मिक्सर दुरुस्तीचे दुकान चालवतो. फुगलेले कंडेन्सर मी बदलतो, पण बदलूनही काही मॉनिटर महिन्या-दोन महिन्यांत परत येतात, आणि काहींत एकही कंडेन्सर फुगलेला नसताना मॉनिटर लागत नाही. माझे काय चुकते?
— एक कारागीर, गुहागर

उत्तर : प्रथम सुरक्षिततेविषयी एक गोष्ट, जी आपल्याला ठाऊक असेलच, पण हे सदर घरी पेचकस हातात घेणारेही वाचतात. वीज आत येते त्या बाजूचा ४०० किंवा ४५० व्होल्टचा मोठा कपॅसिटर चालू अवस्थेत सुमारे ३२५ व्होल्ट धरून असतो आणि प्लग काढल्यावरही काही काळ ते सोडत नाही. तो पेचकसाने शॉर्ट करू नये; काही हजार ओहमच्या, पाच वॉटच्या रेझिस्टरमधून रिकामा करावा आणि मल्टिमीटरने पाहूनच बोर्डाला हात लावावा. ज्यांना हे वाक्य समजले नाही त्यांनी मॉनिटर उघडू नये.

आता आपला प्रश्न. फुगलेला कपॅसिटर ओळखणे सोपे असते. त्याच्या माथ्यावर अधिक चिन्हासारखी किंवा इंग्रजी के अक्षरासारखी खाच असते. आतला वायू वाढला की माथा त्या खाचेवर घुमटासारखा वर येतो, पुढे खाच उकलते आणि तपकिरी खरपुडी बाहेर दिसते. काही वेळा माथा सपाट राहतो आणि खालचे रबराचे बूच बाहेर ढकलले जाते. असा कपॅसिटर बोर्डावर किंचित कलंडलेला दिसतो. मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात त्यांच्या बुडाशी पिवळसर गोंद ओतलेला असतो. तो उष्णतेने तपकिरी होतो आणि गळलेल्या द्रवासारखा दिसतो, त्यामुळे चांगले कपॅसिटर उगाच काढले जातात. मात्र हा गोंद पार काळपट झाला असेल तर तो खरवडून काढावा, कारण जुना करपलेला गोंद वीजवाहक बनतो आणि त्याखालच्या तारा खातो. आपल्याकडच्या दमट हवेत तर अधिकच.

न फुगलेल्या बोर्डात खरा दोषी बहुतेकदा एक लहान कपॅसिटर असतो. नियंत्रक चिपला सुरुवातीची वीज पुरवणारा, साधारण २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड आणि ५० व्होल्टचा हा भाग चिपच्या शेजारी उभा असतो. एवढ्या लहान डबीत फुगण्याइतका वायूच तयार होत नाही. तो फक्त वाळतो. त्याच्याकडे पाहून काहीच कळत नाही आणि साध्या मल्टिमीटरवर त्याचे मायक्रोफॅरडही पुष्कळदा ठीक दाखवले जातात. अंतर्गत विरोध मोजणारा ईएसआर मीटर दुकानात असावा असे मी आग्रहाने सुचवीन. तो मॉनिटरच्या दोन-चार दुरुस्त्यांतच आपली किंमत वसूल करतो. तोवर हा लहान कपॅसिटर मॉनिटर उघडल्यावर न मोजताच बदलून टाकणे शहाणपणाचे ठरेल.

महिन्याभरात परत येणाऱ्या मॉनिटरची कारणे मला दोन दिसतात. एक म्हणजे फक्त फुगलेला तेवढा बदलणे. शेजारच्यांनी तेवढेच तास आणि तेवढीच उष्णता सोसलेली असते, त्यामुळे दुय्यम बाजूचे, म्हणजे मॉनिटरला कमी व्होल्ट देणाऱ्या बाजूचे, सर्व कपॅसिटर एकाच वेळी बदलावेत. दुसरे कारण मालाचे. सप्लायच्या दुय्यम बाजूला साधा कपॅसिटर चालत नाही. १०५ अंशांचा आणि कमी ईएसआर असलेलाच लागतो. मायक्रोफॅरड तेवढेच ठेवावेत, व्होल्ट मूळइतके किंवा एक पायरी वरचे घ्यावेत, आणि व्यास जागेत बसतो का ते पाहावे, नाही तर नवा भाग हीटसिंकला टेकून उभा राहील आणि त्याच मरणाने मरेल. निचिकॉन, रुबिकॉन, पॅनासॉनिक आणि निप्पॉन केमिकॉन या जपानी कंपन्यांचा माल भरवशाचा आहे, पण मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटा मिळणारा प्रत्येक निचिकॉन हा निचिकॉन असतोच असे नाही. जुन्या बोर्डावरून काढून पाय सरळ केलेला माल, किंवा लहान डबीवर मोठा आकडा छापलेले नवे वेष्टन, असे दोन्ही प्रकार तेथे विकले जातात. अधिकृत वितरकाकडून बिलासह मागवलेला कपॅसिटर नगामागे दहा-वीस रुपये महाग पडला, तरी तेवढ्यासाठी दुरुस्तीचे नाव घालवू नये.

डबीवरील पट्टा ऋण बाजू दाखवतो, परंतु बोर्डावरील खूण सर्व कंपन्या एकाच पद्धतीने छापत नाहीत, त्यामुळे काढण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. काम झाल्यावर फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून सोल्डरच्या बाजूला बोर्डावर मारायच्या लॅकरचा पातळ हात द्यावा. खाऱ्या हवेला येथे मात्र खरोखर अटकाव होतो. शाळा-ग्रामपंचायतींतून अजूनही येणाऱ्या जुन्या, एलईडीपूर्व मॉनिटरमध्ये पडद्यामागे काचेच्या बारीक नळ्या असतात. त्यांत पारा असतो, म्हणून त्या फुटणार नाहीत अशी काळजी घ्यावी. अशा मॉनिटरचा पडदा काळा दिसत असेल तर त्यावर तिरपा टॉर्च मारून पाहावा. अंधुक चित्र दिसले तर पॅनेल शाबूत आहे आणि प्रकाश देणारी बाजू तेवढी गेली आहे.

प्रश्न : मी वेंगुर्ल्यात ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे आणि टायपिंगचे छोटे केंद्र स्वतः चालवते. त्यावरच घर चालते. माझा मॉनिटर वॉरंटी संपून दोन महिने होत नाहीत तोच बंद पडला. सेवा केंद्राने ‘मुदत संपली, आता बोर्ड बदलावा लागेल’ म्हणून जवळजवळ नव्या मॉनिटरएवढा खर्च सांगितला. ओळखीच्या आणखी दोघींचे त्याच मॉडेलचे मॉनिटर असेच गेले आहेत. ग्राहक न्यायालयात जाता येईल का?
— एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : जाता येईल, मात्र वॉरंटी संपलेली असल्यामुळे मॉनिटर बंद पडला एवढे सांगणे पुरणार नाही. तो बनवतानाच सदोष होता, हे आपल्याला दाखवावे लागेल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अमलात आला आहे आणि त्यात सदोष वस्तूविषयीच्या तक्रारीची तरतूद आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार त्या कायद्याने ग्राहक ठरत नाही, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविकेसाठी वस्तू वापरणाऱ्यास मात्र ग्राहकच मानले जाते. आपले केंद्र आपण स्वतः चालवता, हे तक्रारीत स्पष्ट लिहावे. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, म्हणजे सिंधुदुर्गनगरी येथे करता येते. त्यासाठी कंपनीच्या गावी जावे लागत नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे.

दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल, तर आयोग ती वस्तू मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. येथे एक पेच आहे. आपण मॉनिटर उघडून कपॅसिटर बदलून घेतले तर काम सुरू होईल, पण कंपनी म्हणेल की यंत्रात छेडछाड झाली आहे. म्हणून तिघींपैकी एकीचा मॉनिटर न उघडता बाजूला ठेवावा आणि उरलेले दोन दुरुस्त करून घ्यावेत. कारागिराकडून काढलेले कपॅसिटर मागून घ्यावेत आणि कोणता भाग का बदलला ते बिलावर लिहून घ्यावे. मॉनिटरच्या पाठीवरील मॉडेल आणि अनुक्रमांकाच्या चिठ्ठीचे छायाचित्र काढावे. तिघींचे हितसंबंध समान असल्यामुळे आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रारही करता येते, आणि एकाच मॉडेलचे तीन मॉनिटर सारख्याच वयात सारख्याच लक्षणांनी गेले ही गोष्ट एकट्या तक्रारीपेक्षा कितीतरी वजनदार ठरते. मॉनिटरवरील बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, नोंदणीच्या खुणेवर विसंबू नये. ती विद्युत सुरक्षिततेची आहे, टिकाऊपणाची नव्हे.

असे असले तरी माझा सल्ला आयोगाआधी पत्राचा आहे. आठ-दहा हजारांच्या वस्तूसाठी तारखांना जाणे आपल्यासारख्या एकटीने केंद्र चालवणाऱ्या व्यक्तीला परवडत नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास तिघींच्या सहीचे पत्र पाठवावे, त्यात अनुक्रमांक द्यावेत, आणि मोघम ‘बिघडला’ असे न लिहिता ‘सप्लाय बोर्डातील कपॅसिटर अकाली निकामी झाले’ असे लिहावे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. नेमके शब्द आणि एकाहून अधिक अनुक्रमांक पाहिल्यावर वॉरंटीबाहेरही बोर्ड बदलून देण्याची तयारी कंपन्या कधी कधी दाखवतात. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ सुरू केले आहे. तेथे आपल्या कंपनीच्या सुट्या भागांची आणि सेवेची माहिती आहे का ते पाहावे. संपूर्ण बोर्डच बदलावा लागतो हे सेवा केंद्राचे म्हणणे त्यांच्या पद्धतीपुरते खरे आहे, कारण बहुतेक सेवा केंद्रे सुटा भाग बदलतच नाहीत. बाहेरचा चांगला कारागीर हेच काम काही शे रुपयांत करील.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात वीज सारखी जाते-येते. मॉनिटर टिकावेत म्हणून प्रत्येकाला स्टॅबिलायझर लावावा का?
— एक शिक्षक, श्रीवर्धन

उत्तर : नको. आजचे बहुतेक मॉनिटर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, तसे त्यांच्या पाठीमागे लिहिलेलेही असते, त्यामुळे दाब उतरल्याने त्यांचे फारसे बिघडत नाही. त्यांना धोका आहे तो दाब एकाएकी चढण्याचा. वादळात न्यूट्रलची तार तुटली तर सिंगल फेजच्या जोडणीवर ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो. तेव्हा फ्यूज उडतो, कपॅसिटर फुटतो, जळका वास येतो. हा बिघाड क्षणात होतो आणि वर सांगितलेल्या हळू बिघाडाशी त्याचा संबंध नाही. त्यासाठी कक्षाच्या मुख्य पेटीत जादा दाब आल्यास पुरवठा तोडणारे एकच उपकरण आणि दाबाचा झटका जमिनीत सोडणारा सर्ज अरेस्टर बसवून घ्यावा. तो अरेस्टर अर्थिंगशिवाय निरुपयोगी असतो, आणि जांभ्याच्या कातळात अर्थिंग चांगले मिळत नाही. खड्डा खोल हवा, त्यात मीठ-कोळसा भरलेला हवा, आणि उन्हाळ्यात त्यावर अधूनमधून पाणी ओतायला हवे. इलेक्ट्रिशियनकडून वर्षातून एकदा, मे महिन्यात, अर्थिंग मोजून घ्यावे.

कपॅसिटरच्या आयुष्यासाठी करायच्या गोष्टी यापेक्षा सोप्या आहेत. शाळा सुटल्यावर मॉनिटर नुसता स्लीपमध्ये झोपवून ठेवू नये, भिंतीवरील बटण बंद करावे, कारण झोपलेल्या मॉनिटरच्या सप्लायचा काही भाग रात्रभर जागाच असतो. पडद्याचा उजेड पूर्ण न ठेवता डोळ्यांना पुरेसा ठेवावा. उजेड कमी केला की सप्लायवरचा भार आणि त्याबरोबर उष्णताही कमी होते. मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवू नयेत, आणि तास संपताच गरम मॉनिटरवर प्लास्टिकचे आवरण चढवण्याची अनेक शाळांतील शिस्त थोडी सैल करून ते थंड झाल्यावर चढवावे. कक्षातील प्रत्येक मॉनिटरच्या मागे खरेदीची तारीख आणि वॉरंटी संपण्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावून ठेवावी. सकाळी मॉनिटर सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याला, उशिरा लागणाऱ्या मॉनिटरचा क्रमांक वहीत लिहायला सांगावे.